भगिनी शहराच्या भेटीला जाताना: इंग्लंड-जर्मनीतील ट्विनिंगची पहिली फेरी

इंग्लंडमधील अनेक गावांच्या वेशीवर गावाच्या नावाची जी पाटी असते, तिच्यावर त्या नावाखाली बारीक अक्षरांत एखाद्या परदेशी गावाचेही नाव लिहिलेले असते. रेडिंगच्या जोडीला ड्युसेलडॉर्फ, डर्बीच्या जोडीला ओस्नाब्र्युक, लीड्सच्या जोडीला डॉर्टमुंड, नॉटिंगहॅमच्या जोडीला कार्ल्सरूह, मिल्टन कीन्सच्या जोडीला बर्नकास्टेल-कुएस. नोकरीनिमित्त या शहरांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे या जोड्यांची नावे वाचतात आणि हा नगरपालिकेचा काही शोभेचा व्यवहार असावा असे समजून पुढे जातात. प्रत्यक्षात या नावामागे बहुधा एक छोटी, वर्गणीवर चालणारी नागरिकांची संस्था असते. तिचे सभासद वर्षाआड बसने किंवा रेल्वेने तिकडच्या गावी जातात, तिथल्या लोकांच्या घरी तीन-चार दिवस राहतात आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांना आपल्या घरी ठेवून घेतात. ट्विनिंग म्हटल्या जाणाऱ्या या देवाणघेवाणीत पहिल्यांदाच भाग घेऊ पाहणाऱ्यांसाठी पुढील माहिती दिली आहे.

मराठी वृत्तपत्रे अशा जोड्यांना भगिनी शहरे म्हणतात. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून या नात्याने बांधलेली आहेत, आणि त्याच स्टुटगार्टचे इंग्लंडमधील सेंट हेलेन्सशी असलेले नाते त्याहून वीस वर्षे जुने, म्हणजे १९४८ चे आहे. हे साल लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्लंड आणि जर्मनी यांच्यातील सर्वांत जुन्या जोड्या युद्ध संपल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतच जुळल्या. ऑक्सफर्ड आणि बॉन, ब्रिस्टल आणि हॅनोव्हर, कॉव्हेंट्री आणि कील या तिन्ही जोड्या १९४७ च्या. त्याच वर्षी रेडिंगच्या तत्कालीन महापौर फीबी कस्डेन यांनी बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या ड्युसेलडॉर्फमधील सहा मुलांना बोलावून घेतले आणि ती मुले रेडिंगमधील कुटुंबांमध्ये तीन महिने राहिली. या दोन शहरांच्या नात्याला अधिकृत करारपत्राचे रूप मात्र १९८८ मध्ये मिळाले. म्हणजे घरे आधी उघडली आणि सहीशिक्क्याचा कागद चाळीस वर्षांनी आला. ट्विनिंग कशावर उभे असते हे एवढ्यावरून कळते, आणि खाली दिलेल्या बहुतेक सूचनांचा रोखही घराकडेच आहे.

पहिली पायरी: संस्था शोधणे

प्रथम आपल्या गावाचे जर्मन जोडीदार शहर कोणते ते पाहावे आणि मग त्या नात्याचे काम कोण पाहते याची चौकशी करावी. काही ठिकाणी हे काम नगरपालिकेचा एखादा विभाग करतो, परंतु बहुतेक गावांत ते ट्विनिंग असोसिएशन नावाच्या स्वयंसेवी संस्थेकडे असते. जर्मनीत अशा संस्थेला पार्टनरशाफ्ट्सफेराइन म्हणतात आणि ती तिथल्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेली असते. पत्ता गावच्या वाचनालयात, कौन्सिलच्या कार्यालयात किंवा टाउन हॉलमध्ये सहज मिळतो. पाटीवर नाव आहे म्हणजे संस्था जिवंत आहे असे मात्र गृहीत धरू नये. काही नाती केवळ पाटीपुरती उरली आहेत, तर काही रीतसर मोडलीही गेली आहेत. बिशप्स स्टॉर्टफर्ड या गावाने २०११ मध्ये जर्मनीतील फ्रीडबर्ग आणि फ्रान्समधील व्हिलिए-स्युर-मार्न या दोन्ही गावांशी असलेले अनेक दशकांचे नाते संपवले.

संस्था जिवंत असल्यास तिथे बहुसंख्य सभासद निवृत्तीच्या वयाचे दिसतील. त्यावरून ही जागा आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. या मंडळींनी चाळीस-चाळीस वर्षे एकाच जर्मन कुटुंबाशी ये-जा ठेवलेली असते आणि नव्या, तरुण, मुलाबाळांच्या कुटुंबांची ती अक्षरशः वाट पाहत असतात. वार्षिक वर्गणी बहुधा एका कुटुंबाच्या बाहेरच्या जेवणापेक्षा कमी असते. सभासद व्हावे, एक-दोन बैठकांना जाऊन बसावे आणि पुढील भेट कोणत्या दिशेने आहे, म्हणजे आपण जाणार आहोत की ते येणार आहेत, हे विचारून घ्यावे.

दुसरी पायरी: आधी यजमान व्हावे

नवख्या माणसाचा स्वाभाविक कल आधी प्रवासाला जाण्याकडे असतो. शक्य असेल तर हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहुणे येणार असतील त्या वर्षी एका जोडप्याला किंवा एकट्या माणसाला आपल्या घरी ठेवून घेतले, तर पुढच्या वर्षी तिकडे जाताना आपण अनोळखी दारात उभे राहत नाही. शिवाय संस्थेची खरी अडचण प्रवासी मिळण्याची कधीच नसते, ती यजमान मिळण्याची असते. ज्या वर्षी यजमान कमी पडतात त्या वर्षी उरलेल्या पाहुण्यांची सोय हॉटेलात करावी लागते, आणि हॉटेलात उतरलेली माणसे चार दिवसांत एकमेकांशीच बोलून परत जातात. वय, आजारपण किंवा एकांताची गरज यांमुळे हॉटेल पसंत करणाऱ्यांना कोणी नावे ठेवू नयेत, परंतु निम्म्याहून अधिक गट हॉटेलात राहू लागला की ती भेट स्वस्तातली सहल होऊन बसते.

यजमान होण्यासाठी मोठे घर लागत नाही. स्वच्छ बिछाना, दार लावता येईल अशी खोली आणि न्हाणीघराची स्पष्ट वेळ एवढे पुरते. बैठकीच्या खोलीतील सोफा-बेडच देता येत असेल, तर तसे आधीच कळवावे. जर्मन पाहुण्यांना कमी सोयीचा त्रास सहसा होत नाही, न सांगितलेल्या गोष्टीचा होतो. साध्या साध्या बाबींत मदत करावी. इंग्लंडच्या विजेच्या तीन पिनांच्या सॉकेटसाठी अडॅप्टर काढून ठेवावा, गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे असतील तर ते दाखवावेत, आणि रस्ता ओलांडताना गाड्या उजवीकडून येतात हे पहिल्याच फेरफटक्यात सांगावे.

जेवणाबाबत मराठी यजमानांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे तिखटाचा अंदाज पाहुण्याच्या जिभेवरून घ्यावा, आपल्या नव्हे. मसाला वेगळा ठेवून चव पाहण्याची मुभा दिली की अडचण उरत नाही. दुसरी म्हणजे आग्रह. आपल्याकडे पाहुण्याने नको म्हटल्यावरही ताटात एक पोळी वाढणे हा पाहुणचाराचा भाग आहे, परंतु जर्मन माणूस नको म्हणतो तेव्हा त्याला ते खरोखरच नको असते, आणि वाढलेले टाकणे त्याला अपमानकारक वाटत असल्यामुळे तो ती पोळी कष्टाने संपवतो. एकदा विचारावे आणि मिळालेले उत्तर खरे मानावे. सकाळच्या न्याहारीला पाव, लोणी, जॅम, चीज आणि कॉफी एवढे मांडून ठेवले, तर सोबत पोहे केले तरी पाहुणा निर्धास्त असतो.

तिसरी पायरी: जोडीचा अर्ज

भेटीच्या तीन-चार महिने आधी दोन्हीकडच्या समित्या सभासदांकडून एक अर्ज भरून घेतात आणि त्यावरून कोण कोणाकडे उतरणार हे ठरवतात. हा अर्ज बहुतेक जण घाईने भरतात आणि पुढील चार दिवसांच्या निम्म्या अडचणी तिथेच जन्म घेतात. वय, भाषा, आवडीनिवडी, धूम्रपान, जिने चढण्याची क्षमता, रात्री लागणारी औषधे किंवा उपकरणे, प्राण्यांचे वावडे हे सर्व स्पष्ट लिहावे. जर्मन घरांत कुत्रा किंवा मांजर असणे अगदी सामान्य आहे, आणि ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांनी संकोच न करता तसे लिहावे. समिती दुसरे घर शोधते, त्यात कोणालाही वाईट वाटत नाही.

शाकाहारी वाचकांनी केवळ शाकाहारी हा शब्द लिहून थांबू नये. काय खात नाही याची यादी द्यावी: मांस, मासे, मांसाच्या रसाचे सूप, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घातलेली बटाट्याची भाजी, जिलेटिन, आणि चालत नसतील तर अंडी. अंड्यांचा उल्लेख विशेष करावा, कारण दुपारच्या कॉफीबरोबर जो केक मांडला जाईल तो बहुतेक वेळा त्या घरातील आजींनी आदल्या दिवशी तुमच्यासाठी मुद्दाम केलेला असतो. त्या वेळी नाही म्हणण्यापेक्षा तीन महिने आधी कागदावर लिहिणे दोन्ही बाजूंना सोपे जाते. उलट काय आवडते तेही लिहावे. पाव, चीज, सॅलड, बटाटे आणि हंगामात पांढरे शतावर (ॲस्परॅगस) एवढ्यावर जर्मन गृहिणी चार दिवस उत्तम निभावून नेते.

चौथी पायरी: कागदपत्रे

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून हा भाग सर्वांत किचकट झाला आहे आणि भारतीय पारपत्र असणाऱ्यांसाठी तो अधिकच काळजीचा आहे. गटासोबत जात असलो तरी प्रत्येकाचा प्रवेश त्याच्या स्वतःच्या पारपत्रावर ठरतो, हे आधी समजून घ्यावे.

ब्रिटिश पारपत्र असेल, तर जर्मनीसाठी अल्पकाळाच्या भेटीला व्हिसा लागत नाही. मात्र पारपत्र प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांच्या आत दिलेले असावे आणि परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध असावे. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसांतील सीमातपासणी उठवलेल्या जर्मनीसह युरोपातील देशांच्या, सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या खेपेस तिला वेळ लागतो, त्यामुळे बसने जाणाऱ्या गटाने डोव्हर येथे नेहमीपेक्षा बराच आधी पोचावे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या परंतु भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीला शेंगेन व्हिसा लागतो, मग ब्रिटनमधील वास्तव्याचा परवाना कायमचा का असेना. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि पंधरा दिवस ही शेवटची मुदत असते. परंतु उन्हाळ्यात अर्ज केंद्रांवरील भेटीची वेळच आठवड्यांनी पुढची मिळते, म्हणून सहलीची तारीख ठरताच ती वेळ राखून ठेवावी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. ट्विनिंगचा एक मोठा लाभ इथे होतो. जर्मन संस्थेकडून अधिकृत कागदावर निमंत्रणपत्र घ्यावे, ज्यात भेटीचा हेतू, तारखा, कार्यक्रम आणि यजमान कुटुंबाचा पत्ता नमूद असेल. त्याच्या जोडीला आपल्या ट्विनिंग असोसिएशनचे पत्र, नोकरीचा दाखला, बँकेची विवरणपत्रे आणि ब्रिटनमधील ई-व्हिसाचा पुरावा जोडावा. खर्च तुम्हीच करणार असाल तर यजमानाने आर्थिक हमीचे औपचारिक पत्र काढण्याची सहसा गरज पडत नाही. ते काढण्यासाठी त्याला परकीय नागरिक कार्यालयात जावे लागते आणि शुल्कही भरावे लागते, त्यामुळे व्हिसा केंद्राने मागितल्याशिवाय त्याला त्या खटाटोपात पाडू नये.

जर्मनीत राहून इंग्लंडला येणाऱ्यांची स्थिती याच्या उलट आहे. जर्मन नागरिकांना एप्रिल २०२५ पासून ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, आणि त्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२१ पासून, ओळखपत्रावर प्रवेश बंद होऊन बहुतेकांना पारपत्र आवश्यक झाले आहे. वर्षानुवर्षे ओळखपत्रावर ये-जा केलेले ज्येष्ठ सभासद हे विसरतात. त्यांना आठवण करून देणे हे इंग्लंडकडील समितीचे काम समजावे. जर्मनीत नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाला ईटीए चालत नाही. त्याला पूर्ण पाहुणा-व्हिसा घ्यावा लागतो, त्याचे शुल्क शंभर पौंडांहून अधिक आहे आणि अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. शुल्क आणि नियम दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही सरकारांची अधिकृत माहिती पाहून घ्यावी, ओळखीच्याने गेल्या वर्षी काय केले यावर विसंबू नये.

पाचवी पायरी: प्रवास आणि खर्च

प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, राहणे आणि घरचे जेवण यजमानाकडे, आणि सामूहिक सहलींचा व मुख्य मेजवानीचा खर्च यजमान संस्थेने, ही सर्वसाधारण रीत आहे. काही संस्था मेजवानीसाठी पाहुण्यांकडून थोडी रक्कम घेतात. गट तीस-पस्तीस जणांचा असेल तर बस भाड्याने घेणे स्वस्त पडते, आणि डोव्हर ते कॅले ही बोट सुमारे दीड तासात किंवा फोकस्टन येथून खाडीखालच्या बोगद्यातील गाडी पस्तीस मिनिटांत पलीकडे नेते. चालकाला साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती देणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे नकाशावरील अंतरावरून वेळ काढू नये. उत्तर इंग्लंडमधील गटांना हल येथून रॉटरडॅमला किंवा न्यूकॅसल येथून ॲम्स्टरडॅमजवळच्या बंदराला जाणारी रात्रीची बोट अधिक सोयीची ठरते. लहान गटाने लंडनहून रेल्वेने ब्रसेल्स आणि तिथून कोलोन असा मार्ग धरावा. ऱ्हाइनकाठच्या शहरांसाठी यापेक्षा सुखाचा प्रवास नाही.

यूकेमध्ये राहणाऱ्यांना मोफत मिळणारे जीएचआयसी हे आरोग्य कार्ड सोबत ठेवावे, परंतु त्यात रुग्णाला घरी परत आणण्याचा खर्च येत नाही, त्यामुळे स्वतंत्र विमा घ्यावाच.

सहावी पायरी: भेटवस्तू

मराठी माणूस कोणाच्या घरी जाताना हात रिकामे ठेवत नाही, आणि नेमकी इथेच सीमेवर पंचाईत होऊ शकते. ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांपासून केलेले पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे इंग्लंडचे चेडर चीज तर नाहीच, परंतु पेढे, बर्फी, बासुंदी आणि श्रीखंडही नाही. ताज्या वनस्पतिजन्य मालालाही आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे सुटतात, त्यामुळे मे महिन्यात लंडनच्या बाजारात मिळालेली हापूसची पेटी कितीही मोह झाला तरी बसमध्ये घालू नये. उलट दिशेलाही एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. जर्मनी आणि युरोपातील आणखी काही देशांत लाळ्या-खुरकूत रोग आढळल्यानंतर ब्रिटनने युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना गुरे, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरांचे मांस तसेच दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई केली, त्यामुळे यजमानांनी प्रेमाने बांधून दिलेली सॉसेजची जुडी आणि चीज नम्रपणे नाकारावे लागते. नाकारण्याचे कारण सांगितले की कोणी रागावत नाही.

चालणाऱ्या वस्तूही पुष्कळ आहेत. चहा, बिस्किटे, चॉकलेट, मार्मलेड, मीठ-मसाल्याच्या सीलबंद पुड्या, दूध-तूप नसलेली चकली किंवा चिवडा, आपल्या इंग्लिश गावाचे छायाचित्र असलेले दिनदर्शिकेसारखे काहीतरी. भारतातून आणलेला हातमागाचा टेबल-रनर मी सर्वांत यशस्वी भेट मानतो, कारण तो पुढल्या भेटीत त्याच टेबलावर अंथरलेला दिसतो. फार महाग वस्तू देऊ नये. जर्मन यजमान लगेच तेवढ्याच किमतीची परतफेड शोधू लागतो आणि पुढील वर्षांत तो हिशेब दोघांनाही जड होतो. फुले न्यायची असतील तर ती गावातच विकत घ्यावीत आणि देण्यापूर्वी वरचा कागद काढावा.

सातवी पायरी: त्यांच्या घरात

बस बहुधा संध्याकाळी टाउन हॉलपाशी किंवा एखाद्या सभागृहापाशी थांबते, तिथे यादी वाचली जाते आणि एकेक कुटुंब आपापल्या पाहुण्यांना घेऊन जाते. पहिल्यांदा आलेल्याला ही दहा मिनिटे अवघड वाटतात. हस्तांदोलन करावे, स्वतःचे नाव स्पष्ट आणि सावकाश सांगावे, आणि आडनावानेच संबोधावे. वयाने मोठ्या व्यक्तीने पहिल्या नावाने हाक मारण्याची परवानगी दिली की मगच ते सुरू करावे. आपल्याकडच्या तुम्ही-तू च्या शिष्टाचारात वाढलेल्यांना हे सांगावे लागत नाही. इंग्लंडमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र सांगावे लागते.

दारात पायताण काढण्याची सवय आपल्याला असतेच, आणि बहुतेक जर्मन घरांत ती आवडते. सकाळचा कार्यक्रम नऊ वाजता असेल तर नऊ म्हणजे गाडीत बसून निघण्याची वेळ, आवरायला सुरुवात करण्याची नव्हे. वेळेबाबत जर्मन समितीचे नियोजन मिनिटांत असते आणि एका कुटुंबाच्या उशिराने पस्तीस जणांची बस थांबते. उशीर होणारच असेल तर फोन करावा.

आग्रहाची बाब इथे दुसऱ्या बाजूने भेटते. पहिल्या विचारण्याला संकोचाने नको म्हणावे आणि दुसऱ्या आग्रहाला हो म्हणावे ही आपली रीत तिथे उपाशी ठेवते. यजमानाने केक हवा का म्हणून विचारले आणि तुम्ही नको म्हणालात, तर थाळी पुढे सरकते आणि परत येत नाही. हवे असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणावे. भूक लागली, थंडी वाजते, अर्धा तास पडायचे आहे, घरी फोन करायचा आहे हे सर्व सरळ सांगावे. जर्मन घरात सरळ सांगणे उद्धटपणा समजत नाहीत, उलट न सांगता गप्प बसलेला पाहुणा त्यांना कोड्यात टाकतो. इंग्लिश सहप्रवाशांना हे जमवणे आपल्याहूनही कठीण जाते, असे माझे निरीक्षण आहे.

संध्याकाळचे जेवण बहुधा गार असते: पाव, चीज, काकडी, टोमॅटो, लोणचे. शिजवलेले मोठे जेवण अनेक घरांत दुपारी होते, म्हणून संध्याकाळी गरम भाजीची वाट पाहू नये. झोपण्यासाठी जोडप्यालाही दोन वेगळी पांघरुणे मिळतात. सकाळी खिडक्या सताड उघडून घर हवेशीर केले जाते, थंडीतही, आणि त्यात पाहुण्याच्या खोलीचा अपवाद नसतो. कचरा कागद, वेष्टने, ओला आणि उरलेला अशा वेगवेगळ्या डब्यांत जातो. कोणता डबा कशाचा हे विचारावे, अंदाजाने टाकू नये. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती फेकायची नसते, दुकानातील यंत्राला परत द्यायची असते. रविवारी दुकाने बंद असतात आणि गवत कापण्याचे किंवा भिंतीला भोके पाडण्याचे आवाज वर्ज्य असतात, म्हणून काही घ्यायचे असेल तर शनिवारीच उरकावे आणि थोडी रोकड जवळ बाळगावी, कारण लहान ठिकाणी कार्ड चालेलच असे नाही.

एक दिवस कार्यक्रमपत्रिकेत मोकळा ठेवलेला असतो आणि त्यावर कुटुंबासोबत असे लिहिलेले असते. नवख्या पाहुण्यांना हा दिवस रिकामा वाटतो आणि ते जवळच्या मोठ्या शहराला पळण्याचा बेत करतात. तसे करू नये. किल्ला आणि संग्रहालय पुढेही पाहता येईल, परंतु यजमानाच्या बागेत बसून त्याच्या आईची जुनी छायाचित्रे पाहणे त्या दिवशीच घडते.

मेजवानी, भाषणे आणि युद्धाचा विषय

शेवटच्या आदल्या रात्री दोन्ही गावांची एकत्र मेजवानी असते. तिथे दोन्ही महापौर किंवा अध्यक्ष बोलतात, भेटवस्तूंची देवाणघेवाण होते आणि गाणी म्हटली जातात. नव्या सभासदाला दोन शब्द बोलायला सांगण्याची शक्यता मोठी असते, विशेषतः तुम्ही भारतीय दिसत असाल तर. भाषण दुभाष्याकरवी वाक्यागणिक सांगितले जाते, म्हणून वाक्ये छोटी ठेवावीत आणि शब्दांवरचे विनोद टाळावेत. गुटेन आबेंड (शुभ संध्याकाळ) आणि डांके (धन्यवाद) एवढे जर्मन बोललात तरी सभागृह खूश होते. पेला उंचावताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे. पेल्यात सफरचंदाचा रस असला तरी चालतो, मद्य न घेण्याचे कारण कोणी विचारत नाही.

युद्धाचा विषय तुम्ही काढू नये, परंतु निघाला तर टाळूही नये. कॉव्हेंट्रीवर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्बवर्षाव झाला, ड्रेस्डेन फेब्रुवारी १९४५ मध्ये जळाले, आणि ही दोन शहरे १९५९ पासून एकमेकांची भगिनी शहरे आहेत. त्या पिढीतील माणसे आता थोडी उरली आहेत, आणि ती बोलू लागली तर ऐकत राहणे एवढेच पाहुण्याचे काम असते. नोव्हेंबरात इंग्लंडमधील स्मृतिदिनाला जर्मन प्रतिनिधी पुष्पचक्र वाहतात आणि त्याच सुमारास जर्मनीतील शोकदिनाला इंग्लिश प्रतिनिधी जातात, अशी प्रथा अनेक गावांत आहे. तिथे गडद कपडे घालावेत आणि छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. युद्ध आणि फुटबॉल यांना जोडणारे इंग्लिश विनोद बसमध्येच सोडून यावेत.

मुले आणि तरुण

अठरा वर्षांखालील मूल पालकांविना जात असेल तर नियम कडक असतात आणि ते तसेच असावेत. दोन्ही पालकांचे सहीचे संमतिपत्र, औषधांची माहिती आणि संपर्काचा क्रमांक ही किमान कागदपत्रे असतात. इंग्लंडकडील यजमान घरातील प्रौढांची डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची, तपासणी केली जाते आणि जर्मनीत तशाच प्रकारचा विस्तारित दाखला मागितला जातो. यात आपल्यावर अविश्वास दाखवला असे समजून कोणी नाराज होऊ नये. शाळा आणि युवक गटांच्या भेटींसाठी २००५ मध्ये दोन्ही सरकारांच्या पुढाकाराने स्थापन झालेली यूके-जर्मन कनेक्शन ही संस्था मार्गदर्शन करते. मोठ्या मुलांसाठी डर्बी आणि ओस्नाब्र्युक यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ही शहरे १९७६ पासून जोडलेली असून वर्षानुवर्षे प्रत्येकाचा एक तरुण दूत दुसऱ्या शहराच्या पालिकेत जाऊन राहत आला आणि भेटीगाठींची कामे करत आला.

परतल्यानंतर

यजमानांना आठवड्याच्या आत आभाराचे पत्र पाठवावे, शक्यतो हाताने लिहिलेले, आणि त्यात पुढील वर्षी तुमच्या घरी येण्याचे निमंत्रण नेमक्या शब्दांत द्यावे. कधीतरी या, असे लिहू नये. जर्मन माणूस ते निमंत्रण समजून तारीख विचारतो किंवा निमंत्रणच नाही असे समजून गप्प बसतो. समितीकडे यजमानांच्या यादीत आपले नाव लगेच नोंदवावे.

पुढील भेटीची तारीख ठरवण्याच्या बैठकीला नव्या सभासदाने आवर्जून बसावे, कारण मुलांच्या शाळेची बाजू तिथे मांडणारे सहसा कोणी नसते. बहुधा मे महिन्यात येणारा येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार जर्मनीत सुट्टीचा असल्याने तो लांब शनिवार-रविवार तिकडे लोकप्रिय आहे, परंतु इंग्लंडमध्ये त्या दिवशी शाळा चालू असते. इंग्लंडची मेअखेरची अर्धसत्राची सुट्टी आणि जर्मनीतील पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार काही वर्षी जुळतात, काही वर्षी नाही. उन्हाळी सुट्टी तर जर्मनीत राज्यागणिक वेगळी आहे: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग येथे ती सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंत चालते, तर ऱ्हाइनकाठच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियामध्ये दर वर्षी पुढेमागे सरकते. म्हणून प्रस्ताव पाठवण्यापूर्वी जोडीदार गाव कोणत्या राज्यात येते ते पाहून त्या राज्याचे शालेय वेळापत्रक काढावे आणि दोन पर्यायी तारखा सुचवाव्यात.